कोरड्या डोळ्यांची आत्या

नाव मीनाक्षी आणि डोळ्यांत पाण्याचा ठणठणाट, म्हणजे नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. पण हा विनोद मीनाक्षीआत्या स्वतःच सगळ्यांच्या आधी करून टाकायची, त्यामुळे इतरांना करायला काही उरायचं नाही. बँकेतून निवृत्त झाल्यावर वर्षभरातच तिच्या डोळ्यांत वाळू खुपायला लागली होती. अण्णा नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं की अश्रू कमी पडताहेत. हे पूर्ण बरं होणार नाही, पण शहाण्यासारखं वागलात तर फारसा त्रासही होणार नाही. थेंब घाला, पंख्याखाली बसू नका आणि काजळ बंद.

चेन्नईत राहून पंख्याखाली बसू नका म्हणे! आत्याने छताचा पंखा बंद केला आणि टेबलफॅन पायांकडे वळवला. काजळाचं मात्र तिला मनापासून वाईट वाटलं. परकरातली होती तेव्हापासून एक दिवस तिने ते चुकवलं नव्हतं. पण आता ठसठशीत डोळेच नाहीत, तर बाकीचा थाट तरी कशाला, असं म्हणून तिने काजळाबरोबर खळीच्या साड्या आणि उंच टाचांच्या चपलाही निकालात काढल्या. सैल सुती कुडते, ढगळ विजारी, कॅनव्हासचे बूट आणि बाजूंनीसुद्धा वारा अडवणारा भलामोठा काळा गॉगल, असा तिचा नवा अवतार सुरू झाला. आश्चर्य म्हणजे, महिन्याभरात तिला तो आवडायलाही लागला. एवढी मोकळीक आपण साठी उलटेपर्यंत का लांबवली, याचाच तिला अचंबा वाटायचा.

गॉगलचा आणखी एक फायदा होता. डोळे येण्याच्या साथीला चेन्नईत मद्रास आय म्हणतात, आणि त्या दिवसांत काळा गॉगल म्हणजे कपाळावर लावलेली पाटी. बसमध्ये आत्या बसली की शेजारची बाई हळूच उठायची. आत्या ऐसपैस बसायची आणि मनात हसायची.

हे हसू तिच्या अंगाशी आलं ते बारशाच्या दिवशी.

बारसं उन्मेषच्या मुलाचं. उन्मेष तिच्या थोरल्या भावाचा एकुलता एक मुलगा. भाऊ-वहिनी दोघंही आता नव्हते आणि उन्मेषला सख्खी-चुलत बहीण नव्हती. त्यामुळे बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याकडे आला, म्हणजे बापाच्या आत्याकडे. उन्मेषचं नावही तिनेच सांगितलं होतं, चेन्नईतल्याच तिरुवल्लिकेणीच्या जुन्या घरात. कुर्रर्र म्हणायला ती वाकली तेव्हा जमलेल्या बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत असे धपाटे घातले होते की दोन दिवस पाठ बोलत होती. लग्न तिने केलं नाही. ते का, हे विचारणारी पिढीही आता संपत आली होती. तिचं म्हणून जे काही होतं ते उन्मेष होता, आणि आता हे बाळ. आयुष्यात पुन्हा एकदा ते धपाटे खायला मिळणार, या विचाराने ती आठवडाभर हवेत होती.

बारसं तांबरमला, उन्मेषच्या बायकोच्या, रंजनीच्या माहेरी. माहेरची माणसं तंजावरकडची मराठी, पिढ्यान्‌पिढ्या इकडचीच. रंजनीच्या आई राजसबाई यांना या धपाट्यांबद्दल सांगितलं तेव्हा त्या घाबरल्याच होत्या. "आत्याला मारायचं? असं कसं ओ?" आमच्याकडे ही रीत आहे, आणि त्याशिवाय बारसं झाल्यासारखं वाटत नाही, असं उन्मेषने त्यांना पटवून दिलं होतं.

आणि अशा दिवशी कुडता-विजार घालून जायचं? आत्याला ते पटेना. बाळाच्या आजोळची माणसं काय म्हणतील? तिने पैठणी काढली, गॉगल घरी ठेवला आणि आरशासमोर उभी राहून, एका दिवसाने काय होतंय असं म्हणत, डोळ्यांत काजळ घातलं. आरशात जुनी मीनाक्षी दिसली. आत्या खूश झाली. परतताना बदलायला म्हणून रोजचा सुती जोड पिशवीत टाकला आणि चेत्पटहून तांबरमची गाडी पकडली. रेल्वेवाल्याची लेक, बसली ती खिडकीशीच.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. आत काजळ आणि बाहेरून तापलेला वारा. कोरडा डोळा चिडला की उलट धो धो वाहतो. तांबरम येईपर्यंत आत्याचे दोन्ही डोळे लालभडक झाले होते आणि काजळाचे ओघळ हनुवटीपर्यंत आले होते.

राजसबाई हळदीकुंकू घेऊन दारात आल्या, तिच्याकडे पाहिलं आणि तिथेच थबकल्या.

"मीनाक्षीबाई, तुम्हाला मद्रास आय आलंय."

"नाही हो, मला डोळ्यांच्या कोरडेपणाचा त्रास आहे."

"कोरडे डोळे असे गळतात?"

उन्मेष मध्ये पडला. आत्याचं हे जुनंच दुखणं आहे, ते कुणाला लागत नाही, असं तो परोपरीने सांगू लागला. राजसबाई दारातून हलल्या नाहीत. पण त्यांचा आवाज मऊ होता.

"मज राग नाही, भय आहे. बारा दिसांचं पापा आहे, तान्हं बाळ. गल्लीत घरोघरी मद्रास आय. तुम्ही बाहेरल्या खोलीत बसा, जेवा. नाव माझी जाऊ तुळजा सांगेल."

आत्याला आधी संताप आला. इतकी वर्षं बसमधल्या बायका उठून जात होत्या तेव्हा हसू येत होतं. आज आपलंच माणूस तिच्यापासून लांब ठेवलं जात होतं. आणि वाईट याचं, की राजसबाईंचं चुकत नव्हतं. त्यांच्या जागी ती असती तर तिनेही दार अडवलं असतं. थाटाची हौस कुणाला आली होती? तिलाच.

"राहुकाळ कधी लागतो?" तिने विचारलं.

"साडेचारला. त्याआधी नाव व्हायला पाहिजे."

"मग तोवर मला वेळ द्या. साथीचा डोळा असला तर तो आणखी सुजेल. माझा असला तर निवळेल. तेव्हा तुम्हीच बघा आणि तुम्हीच ठरवा."

राजसबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "आमा," त्या म्हणाल्या, म्हणजे हो.

बाहेरच्या खोलीत आत्याने आधी पंखा बंद केला. काजळ पार धुऊन काढलं. रंजनीने कोमट पाणी पाठवलं, त्यात रुमाल भिजवून, पिळून पापण्यांवर ठेवला. पैठणी काजळाने आणि पाण्याने भिजली होती. ती उतरवून तिने पिशवीतला फिका निळा कुडता आणि विजार चढवली. मग थेंब घातले आणि डोळे मिटून भिंतीला टेकून बसली. आत पाळण्याला फुलं बांधत होते, बायका गाणी म्हणत होत्या, बाळ मध्येच रडत होतं. आत्या डोळे मिटून ते सगळं ऐकत होती. एकदाही उघडून आरशात बघायचा मोह तिने होऊ दिला नाही.

राहुकाळ जवळ आला तेव्हा राजसबाई आल्या. तिला उजेडात, खिडकीशी उभं केलं. पदराने हात पुसून एकेक पापणी खाली ओढली आणि शाळेतल्या बाई पाटी तपासतात तशा तपासल्या. पांढरं पुन्हा पांढरं झालं होतं. कुठे चिकटा नाही, सूज नाही.

"निवळलं," राजसबाई म्हणाल्या. मग कुडत्याकडे बघून, "आणि साडी?"

"साडीच्या थाटापायीच तर हे रामायण झालं. मी रोज अशीच असते."

"बरं दिसतं की. असंच यायचं होतं."

पाळण्याशी समया लावलेल्या, म्हणून तिथला पंखा बंदच होता. आत्याच्या डोळ्यांना यापेक्षा सुख नको होतं. ती वाकली. बाळाच्या कानाला दुधाचा आणि वेखंडाचा वास होता. कुर्रर्र करून तिने नाव सांगितलं: विश्वेश.

आणि पाठीत काहीच पडलं नाही.

बायका जवळ येईनात. लाल डोळे सगळ्यांनी पाहिले होते. आता निवळले हे एकट्या राजसबाईंना माहीत. आत्या तशीच वाकून राहिली. मान मिळाला खरा, पण सरळ उभं राहावंसं वाटेना. तिचा जीव त्या धपाट्यांत अडकला होता.

मग एक सणसणीत धपाटा पाठीत बसला. आत्या पाळण्यावर पडायचीच बाकी होती. मागे राजसबाई हात उगारून उभ्या होत्या.

"असंच ना, उन्मेष? जोरात मारायचं म्हणालात," त्यांनी विचारलं आणि दुसरा घातला. मग तुळजा पुढे झाली, आणि मग बाकीच्या अशा तुटून पडल्या की रंजनीला हसत हसत, पुरे, पुरे, म्हणावं लागलं.

आत्या सरळ झाली. पाठ छान झणझणत होती आणि मन काठोकाठ भरलं होतं. बायका तिच्या तोंडाकडे बघत होत्या. अशा वेळी कुठलीही आत्या रडणारच, असं सगळ्यांना वाटत होतं. आत्याचे डोळे मात्र ठार कोरडे.

तिने पिशवीतून थेंबांची बाटली काढली. हात हसण्याने हलत होता, नेम धरता येईना. राजसबाईंनी बाटली तिच्या हातातून घेतली, दुसऱ्या हाताने तिची हनुवटी वर धरली आणि दोन्ही डोळ्यांत थेंब सोडले. चार जास्तीच पडले, ते गालांवरून ओघळले.

"आता रडल्या तुम्ही," राजसबाई म्हणाल्या आणि पदराने तिचे गाल पुसले. मग पाळण्यातून नातू उचलला आणि तिच्या हातात दिला.