परकी किल्ली

सलाईनच्या बाटल्यांमागून बाटल्या शिरेतून आत जात होत्या, तरी तिच्या नवऱ्याच्या रक्तातलं पोटॅशियम काही केल्या वर येत नव्हतं. सकाळी थोडं सरकलं म्हणून सिस्टर हसली, तर दुपारच्या तपासणीत पुन्हा खाली. बायको पलंगाशी बसून यंत्रावरच्या हृदयाच्या हिरव्या रेघेकडे डोळ्यांत तेल घालून बघत होती. मधेच एखादा ठोका चुकायचा.

गडी क्रेन चालवणारा. आयुष्य गेलं उंचावरच्या त्या टीचभर केबिनमध्ये, कधी चक्कर आली नाही की हात थरथरला नाही. आणि परवा लोखंडी शिडी उतरताना मांड्यांनीच दगा दिला. अर्ध्यावर लटकला, तेव्हा सोबत्यांनी दोरानं बांधून खाली आणला म्हणून वाचला. इथं आणून बघतात तर रक्तदाब वर आणि पोटॅशियम तळाला. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणारी. "हे भरून आलं नाही, तर हृदय कधीही थांबू शकतं," असं तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

मग तिनं विचारलं होतं, व्यसन काही? बाहेरचं औषध वगैरे?

"काही नाही," बायको म्हणाली होती. "तंबाखू होती, तीही सोडवली मी."

काय तोऱ्यात म्हणाली होती! तो तोरा तिचा हक्काचाच होता म्हणा. सासरे तोंडाच्या कॅन्सरनं गेले, शेवटी पाण्याचा घोटही उतरेना, आणि ते सगळं हिनंच केलं. त्यानंतर नवऱ्याच्या खिशातली तंबाखूची पुडी तिनं उकिरड्यावर भिरकावली आणि त्याच्या हातात ज्येष्ठमधाच्या काड्यांची डबी दिली. तोंड चाळवलं की हे चघळायचं. सकाळी ती डबी भरायची, संध्याकाळी डबी रिकामी परत यायची. म्हणजे तलफ अजून आहे बाई, असं म्हणून ती दुसऱ्या दिवशी दोन काड्या जास्त घालायची. संध्याकाळी तो दारात आला की आधी त्याच्या तोंडाचा वास घ्यायची, मगच चहा टाकायची. महिनोन्‌महिने हेच चाललं होतं.

दवाखान्यात तर तिला जास्तच धास्ती. पडून पडून माणूस कंटाळतो, कुणाकडून तरी तंबाखू मागवेल. वॉर्डात बाहेरचं खाणं चालत नाही, म्हणून ती रुमालात गुंडाळून काड्या आणायची आणि सिस्टरची पाठ वळली की त्याच्या हातात सरकवायची. आत्ताही एक त्याच्या गालात होती.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई कागद घेऊन आली. चेहरा ओढलेला.

"ताई, माझा अंदाज चुकला," ती खुर्ची ओढत म्हणाली. "मूत्रपिंडात एक कुलूप असतं समजा. मिनरलोकॉर्टिकॉइड रिसेप्टर म्हणतात त्याला. ते उघडलं की शरीर मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीतून सोडून देतं. ते कुलूप नसतं तर मीठपाणी वाहून जाऊन माणूस जगलाच नसता. पण ते सारखंच उघडं राहिलं तर ही अशी दशा होते. त्याची किल्ली म्हणजे अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक. मला वाटलं, मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ असेल, ती फार किल्ल्या बनवत असेल, ऑपरेशन करून काढू. रिपोर्ट बघितला तर किल्ली जवळजवळ नाहीच."

"मग उघडतंय कोण?"

"परकी किल्ली. कॉर्टिसॉल, दुसरं एक संप्रेरक. ते रक्तात ढिगानं असतं आणि या कुलपाला बरोब्बर बसतं. एरवी दाराशी एक राखणदार असतो, तो त्याला निकामी करतो. हा राखणदार कशानं तरी झोपलाय." तिनं कागद खाली ठेवला. "काही गोष्टींनी झोपतो. हे ज्येष्ठमध वगैरे खातात का?"

बायकोनं काड्यांचा रुमाल मुठीत दाबला. हो म्हणावं तर त्याला इथवर आणलं कुणी, हे सगळ्या वॉर्डाला कळणार. नवरा तिच्याकडे बघत होता आणि त्याचा जबडा थांबला होता. पलंगाशेजारचं यंत्र किंचाळायला लागलं. रेघ वेडीवाकडी झाली, सिस्टर धावली, नवऱ्याची बुबुळं वर गेली.

"खातात," ती ओरडली. "मीच देते. आत्ताही तोंडात आहे."

आणि तिनं स्वतःच्याच बोटांनी त्याच्या गालातून ती ओली काडी ओढून काढली. मग तिला बाहेर ढकललं, पडदा ओढला. ती भिंतीला टेकून उभी राहिली. आतून हृदयाला झटका देणाऱ्या यंत्राचा आवाज आला, पुन्हा आला, आणि मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. तिनं त्या वेळात स्वतःला नाही नाही ते बोलून घेतलं.

वाचला. डॉक्टरीणबाईनं त्या कुलपात बोळा बसवणारी गोळी सुरू केली. ज्येष्ठमधाचा अंमल लगेच उतरत नाही, त्यामुळे पुढचे कितीतरी दिवस जीव टांगणीलाच होता. पण पोटॅशियम हळूहळू चढलं, रक्तदाब उतरला, आणि एका सकाळी तो तिचा खांदा न धरता व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालून आला.

तिथल्या बाकावर तिला रडू फुटलं. "माझ्या हातानं तुम्हाला मारत होते हो मी. तुमची तलफ भागवायला."

तो तिच्याशेजारी टेकला. मग म्हणाला, "तलफ कसली गं? ती तर पहिल्या दोन-तीन महिन्यांतच गेली. आणि ते ज्येष्ठमध मला कधी आवडलंच नाही, गुळमट नुसतं."

"मग रोज डबी संपायची ती?"

"संपवायचो. उरली असती तर तुला वाटलं असतं, हा चोरून तंबाखू खातोय. बाबांचं तू एवढं केलंस, तुला पुन्हा कशाला धास्तीत ठेवू? तू वाढवत गेलीस, मी चघळत गेलो."



"एकदा तरी उरवायची होती," ती कशीबशी म्हणाली.