दूताचा डगला

तिसरं बटण सुटत आलं होतं. पांढऱ्या कोटाचं, चार भोकांचं, साधं. दोन भोकांतला दोरा गेलेला, उरलेल्या दोनांवर ते मान टाकून लोंबत होतं, आणि डॉक्टरीणबाई बोलताना थांबल्या की तेही थांबायचं. मास्तर त्या बटणाकडे बघत होते. बाई सांगत होत्या की सकाळी साडेदहाला... की त्रास झाला नाही... की तुम्हाला फोन लावला होता, लागला नाही. मास्तरांच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत ‘सरोवर’ कादंबरीचा पाचवा खंड. तिनेच मागितला होता. तो आणायला ते तासाभरासाठी घरी गेले होते. आणि अशा वेळी त्यांच्या मनात काय यावं, तर बाईंच्या कोटाची बटणं पुरुषी बाजूला आहेत. घाऊक शिवलेला कोट, बाई असो की बुवा, एकच कट. चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या माणसाचे डोळे दुसरं काय बघणार. “सुई-दोरा असेल तर लावून देतो,” असं ते म्हणणार होते. म्हणाले नाहीत. “बरं,” एवढंच म्हणाले.

त्याला अकरा महिने झाले. आज दुकान उघडताना कुरिअरवाला आला. पार्सलवर तिचं नाव.

“बाई आहेत का? सही लागेल.”

“मी करतो.”

“नातं?”

“नवरा.”

त्याने ते लिहून घेतलं आणि गेला. मास्तरांनी पार्सल कापायच्या टेबलावर ठेवलं. फोडायची गरज नव्हती, वजनावरूनच कळलं. सहावा खंड, शेवटचा. नऊ वर्षं त्याची वाट बघितली तिने. येणार अशी नुसती बातमी आली त्याच दिवशी तिने नाव नोंदवून ठेवलं होतं, आणि नाव नोंदवलेलं माणूस आहे की नाही हे छापणाऱ्यांना कोण सांगणार.

मास्तरांनी पार्सल बाजूला सारलं आणि कालची पँट पुढ्यात ओढली. पायाची घडी उलटायची होती. हे काम हाताला सवयीचं, डोकं मोकळं राहतं. म्हणूनच ती अशाच कामाच्या वेळी पुस्तक घेऊन समोरच्या स्टुलावर बसायची. मशीन चाललं की थांबायची, मशीन थांबलं की वाचायची. कधी गोष्टीत एखादी भलतीच रंगलेली जागा आली की मास्तर पायडलवरचा पाय मुद्दाम काढून घ्यायचे, आणि ती चष्म्यावरून बघून म्हणायची, “शिवा की. तुम्हाला कुठे आवडतात असल्या गोष्टी?”

आवडत नव्हत्याच. खाऱ्या पाण्याचं एक सरोवर, त्याच्या काठाला किल्ले, पाण्याखाली बोलणारे दगड... मोठ्या माणसांनी हे वाचावं म्हणजे कमाल. पण तिच्यासाठी ते नुसतं वाचणं नव्हतं, तो तपास होता. मास्तरांच्या टेबलाखालचं कातरण ती रोज चाळायची, बोटभर पट्ट्या कापून घ्यायची आणि पानांत घालायची. निळी पट्टी म्हणजे हा मरणार. पिवळी म्हणजे हा खोटं बोलतोय. काळी म्हणजे इथे लेखक आपल्यापासून काहीतरी लपवतोय. आणि पांढरी, अस्तराच्या कापडाची, म्हणजे माझंच चुकलं. पांढऱ्या पट्ट्या फार थोड्या होत्या. “माझ्या चुका कमी आहेत असं नाही,” ती म्हणायची, “अस्तर जपून वापरते मी.” तिचे पाचही खंड वरून बघितले तर चिंध्यांची गोधडी.

फोनवर तिचा वाचकांचा एक गट होता. कुठले कुठले लोक, कुणी कुणाला पाहिलेलं नाही. पुढे काय होणार यावर तिथे दिवसभर वाद चालायचे. तिथे ती शिंपीणबाई. आणि एक किल्लेदार म्हणून होता, तो तिच्या प्रत्येक तर्काला आडवा यायचा... आणि एका तर्काला तर पाच वर्षं. कारण तो तर्क तिचा नव्हता. माझा होता, या शिंप्याचा.

राणी दुसऱ्या खंडात बुडते. प्रेत सापडत नाही. तिसऱ्या खंडात एक मुका दूत किल्ल्यावर येतो, निरोपाची चिठ्ठी देतो, निघून जातो. दीड पानाचं काम. ती सगळे खंड पुन्हा पहिल्यापासून वाचत होती, ‘दूताने ओला डगला काढला. डगल्याची हस्तिदंती बटणं उजव्या बाजूला होती.’ ती पुढे निघाली होती. मीच म्हणालो, थांब. परत वाच.

“काय झालं?”

“ही बाई आहे.”

“कोण बाई?”

“तुझा दूत. उजवीकडे बटणं असतात बाईच्या कपड्याला. पुरुषाच्या डावीकडे. कुठल्याही शिंप्याला झोपेत विचार.”

तिने पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं. तो चेहरा... लग्नात नव्हता, मुलगी झाली तेव्हा होता थोडासा. मग सावकाश म्हणाली, “राणी.” आणि मग, “मास्तर, तुम्ही मेलेली बाई जिवंत केलीत.”

त्या रात्री तिने ते गटावर लिहिलं आणि शेवटी घातलं, हे माझ्या घरच्या शिंप्याचं मत आहे. लोक वेडे झाले. त्याला नावच पडलं, शिंपीणतर्क. किल्लेदाराने लिहिलं, ‘बाई, राणी बुडाली. आता तिला टाके घालून वर काढू नका.’ तिने उत्तर दिलं, ‘तुमचं उसवलं तर माझ्याकडे आणू नका.’ मला वाचून दाखवताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

मास्तरांची सुई थांबली. पायाची घडी तिरकी आली होती. त्यांनी टाके उसवले आणि पुन्हा सुरुवात केली.

दोन वर्षांनी एक कारकून कोटाच्या ट्रायलला आला. आरशासमोर उभा राहून म्हणाला, “मास्तर, उजव्या खांद्यात ओढतंय.” मास्तर म्हणाले, “उजव्या नाही, डाव्या,” आणि हात मात्र बरोबर जागी ठेवला. कारकून हसला. “अहो, तुमचा डावा. कोट मी घातलाय.”

तेवढंच. पण खडू हातातच राहिला. आयुष्यभर मास्तर गिऱ्हाइकाच्या समोर उभे राहिले; त्याचं उजवं ते त्यांचं डावं. हात कधी चुकला नाही, पण जीभ कायम आपल्याच बाजूने बोलायची. आणि पुस्तकातला दूत काही त्यांच्यासमोर ट्रायलला उभा नव्हता. उजव्या बाजूला म्हणजे दूताच्या उजव्या बाजूला. म्हणजे पुरुषी डगला. म्हणजे बाई नाही, राणी नाही... एका शिंप्याच्या सवयीवर सहाशे माणसं भांडत बसली होती.

सांगायचं ठरवूनच ते त्या संध्याकाळी घरी गेले. ती फोन घेऊन बसली होती. “ऐका, किल्लेदार मऊ पडतोय. म्हणतो, बटणांचा मुद्दा मला खोडता येत नाही.” त्यांनी चप्पल काढली, हात-पाय धुतले, आणि म्हणाले, “चहा टाकतो.” उद्या सांगू. पुढच्या आठवड्यात तिच्या तपासण्या सुरू झाल्या, आणि मग असल्या गोष्टी सांगायला जागाच उरली नाही. किंवा होती. तीन वर्षं होती. मी सांगितलं नाही.

टेबलावर फोन वाजला. लेकीचा.

“बाबा, जेवलात?”

“जेवलो.”

“काय?”

“अन्न.”

“बाबा. पुस्तक आलं का? आईचं?”

“आलं.”

“उघडलंत?”

“हातात पँट आहे.”

“गटावर सगळे तिला विचारतायत हो. मी पाहिलं आज. त्यांना अजून... तुम्ही सांगतो म्हणाला होतात. नाहीतर मी लिहू का?”

“नको. मी लिहितो.”

“कधी?”

“ही पँट झाली की.”

पँट झाली. तिचा फोन गल्ल्याशेजारच्या खणात असतो. मास्तर तो आठवड्याला चार्ज करतात, का ते त्यांनाही सांगता येणार नाही. त्यांनी गट उघडला. खरंच, वरपासून खालपर्यंत तिचंच नाव. ‘शिंपीणबाई, परवापर्यंत सगळ्यांचं वाचून होईल, त्याआधी या.’ ‘शिंपीणबाई रुसल्या काय?’ आणि सगळ्यात खाली किल्लेदार, ‘बाई, मी अजून पहिलं पान उलटलेलं नाही. तुम्ही आल्याशिवाय उलटणार नाही. हरलो तर तुमच्यासमोर हरेन, जिंकलो तर हसायला तुम्ही हव्यात.’

मास्तरांनी ते दोनदा वाचलं. परवा या लोकांना कळणार की दूत म्हणजे कुणी एक साधा दूत होता. मग ते हसतील. वाईट नाहीत ते, प्रेमानेच हसतील, पण तिला हसतील... आणि ती उत्तर द्यायला नाही. ते आधीच लिहायला हवं. चूक घरच्या शिंप्याची, बाईंची नव्हे. मग दुसरी गोष्ट. दोन वाक्यं. पण पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं द्यायला हवं, नाहीतर किल्लेदार शब्दात पकडेल.

तिचा फोन खिशात टाकून, दुकान अर्धं ओढून ते घरी गेले. दुपारी घरात जाणं त्यांना नको वाटतं. उन्हात तिच्या खुर्चीचा रेक्झिन फाटलेला दिसतो. पाच खंड कपाटात. तिसरा काढला. त्या पानात काळी पट्टी असणार, त्यांच्या समोरच घातली होती तिने, एका सुटाच्या कातरणातली. लेखक लपवतोय.

काळी होती. तिच्या मागे पांढरी होती.

अस्तराची, कडा दुमडून बारीक टीप मारलेली. दुसऱ्या कुठल्याच पट्टीला तिने टीप मारली नव्हती. तिच्यावर पेनाने, कापडावर शाई पसरते म्हणून जपून, लिहिलेलं — ‘मास्तरांनी समोरून पाहिलं. उजवं त्यांचं, दूताचं नव्हे. त्यांना सांगू नये.’

खाली तारीख. मास्तरांनी बोटांवर मोजलं. ‘ही बाई आहे’ म्हटल्यानंतरचा चौथा दिवस.

ते खुर्चीत बसले. तिच्याच. म्हणजे ते सगळं भांडण, ती उत्तरं, किल्लेदार मऊ पडला म्हणून झालेला आनंद... तिला माहीत होतं. आणि मी चप्पल काढून चहा टाकायला गेलो तेव्हा माझ्या तोंडाकडे बघून तिला तेही कळलं असेल का? विचारायचं कुणाला. एका घरात दोघं जण एकच चूक एकमेकांपासून झाकत होतो, एकमेकांसाठी.

मग त्यांनी पट्टी उलटी केली. मागे वेगळी शाई, अक्षर थरथरलेलं, दवाखान्यातल्या दिवसांतलं — ‘पण जिला लपायचंय ती बाई बायकी डगला कशाला घालेल?’

मास्तरांना हसू आलं. आवाज झाला त्याचा, रिकाम्या घरात. चाळीस वर्षांत हे सुचायला नको? गरजेला माणूस मिळेल ते अंगावर चढवतं, आणि लपायचं असेल तर मुद्दाम दुसऱ्याचंच. तो पांढरा कोट आठवला, पुरुषी कट, आत डॉक्टरीणबाई, तिसरं बटण लोंबतंय. डोळ्यांसमोर होतं तेव्हा. पिशवीत पाचवा खंड होता आणि सांगायला माणूस नव्हतं.

म्हणजे राणी जिवंत असूही शकेल. किंवा नसेलही. पार्सल दुकानात टेबलावर आहे. कात्री त्याच्या शेजारीच आहे. मास्तरांनी तिचा फोन उघडला आणि किल्लेदाराच्या ओळीखाली बोट ठेवलं. मघाशी जे दोन वाक्यांचं वाटलं होतं ते आता दोन वाक्यांत मावेना. चूक माझी, असं लिहायला आलो होतो. आता चूक कुणाची म्हणायची. त्यांनी लिहिलं, ‘मी शिंपीणबाईंचा’... आणि थांबले. संध्याकाळी सातला पँट न्यायला गिऱ्हाईक येणार होतं.

पट्टी त्यांनी पुन्हा काळीच्या मागे ठेवली आणि दुकानात परतले. पँटला इस्त्री केली. पार्सल फोडलेलं नाही. गटावर अजून कळवलेलं नाही.