पुळणीवरची कबर

खड्डा पुन्हा पाण्याने भरला तेव्हा पुरिंगने फावडं बाजूला टाकलं आणि हातांनीच वाळू उपसायला लागली. तिचा नवरा नेस्तोर थोडा मागे उभा होता. ओहोटी संपत आली होती. लाटांचा फेस कबरींच्या पहिल्या ओळीपर्यंत येऊन परतत होता.

"नुसता बघत काय राहिलायस?" ती मान वर न करता म्हणाली.

आमचं हिनाबुयान गाव वाळूच्या एका जिभेवर वसलेलं. पूर्वेला महासागर, मागे नदी आणि नदीपलीकडे माडांची टेकडी. जिभेच्या टोकाला आमची दफनभूमी. मागच्या वादळात नदीने जुनं मुख सोडलं आणि नेमकं तिथूनच नवं फोडलं. तेव्हापासून प्रत्येक मोठी भरती काही कबरी घेऊन जायची. सकाळी पाण्यावर लाकडी क्रूस तरंगत दिसायचे. लोक ते गोळा करून आणत आणि अंदाजाने वाळूत रोवत.

ज्यांना जमलं त्यांनी आपली माणसं उकरून टेकडीवर नेली. नेस्तोर मात्र अडून बसला. गावाची जन्मकथा त्याच्या रक्तात भिनलेली होती. आमचे मूळ पुरुष लुटारूंच्या भयाने दुसऱ्या बेटावरून होड्यांत बसून निघाले होते. वाटेत एका बाईचं मूल दगावलं. त्याला पुरायला ते या पुळणीवर उतरले. पुरून झाल्यावर सगळे होडीत चढले, पण ती बाई काही उठेना. तिच्यासाठी बाकीचे थांबले, नदीचं गोडं पाणी सापडलं, आणि गाव झालं. नेस्तोर म्हणायचा, पुरलेल्यांच्या जिवावरच गाव उभं आहे, त्यांना उचललं तर समुद्राला अडवणार कोण?

नेस्तोर आणि पुरिंगची एकुलती मुलगी लुसिंग अकरा वर्षांची असताना तापाने गेली होती. तिलाही टेकडीवर न्यावं म्हणून पुरिंगने नवऱ्याच्या विनवण्या केल्या, भांडली, अन्नपाणी सोडलं. तो बधला नाही. त्या दिवशी मात्र सकाळी शेजारची पूर्ण ओळ गेलेली पाहून तिने कुणाला न विचारता फावडं उचललं. नेस्तोर तिला परत न्यायला आला होता.

"चल घरी," तो म्हणाला. "पाणी चढतंय. तूही जाशील यात."

तेव्हा ती पहिल्यांदा त्याच्याकडे वळली. केसांपर्यंत वाळूने माखली होती.

"ती पहिली आई मुलाला टाकून होडीत चढली नाही, हेच सांगतोस ना तू सगळ्यांना? मग मला कसं चल म्हणतोस?"

नेस्तोर पुढे आला. खड्ड्यात उतरला आणि गुडघ्यांवर बसून तिच्याबरोबर उपसू लागला. एक लाट आत शिरली, काठ ढासळला, पुन्हा उपसलं. शेवटी कुजक्या फळीला हात लागला. फळी हातातच मोडली. पुरिंगने आत हात घातला, चाचपलं, आणि दोन्ही ओंजळीत काहीतरी धरून वर काढलं.

कवटी होती. तिच्या एका तळहातात मावेल एवढी.

नेस्तोरने वाकून कवटीवरची वाळू पुसली. मग हळूच म्हणाला, "पुरिंग, ही आपली नाही. हे तान्हं आहे."

"क्रूस तर तिचाच आहे."

"क्रूस कुणीतरी इथं आणून रोवलाय."

लुसिंग पाण्यात गेली, हे तिला कळलं. तिने समोरच्या पाण्याकडे पाहिलं, जिथे कालपर्यंत एक ओळ होती. रडली नाही. फक्त श्वास लागल्यासारखी तोंड उघडं ठेवून बसली. पाणी तिच्या कमरेपर्यंत आलं तसा नेस्तोरने तिचा दंड धरला. तिने तो झिडकारला आणि डोक्याचा रुमाल सोडला. कवटी त्यात ठेवली आणि पुन्हा पाण्यात हात घातला.

"आता कुणासाठी?" तो म्हणाला.

"असेल कुणाचं तरी. त्याची आई आली नाही, मी आले आहे."

हाताला लागली तेवढी हाडं दोघांनी वेचली. बारीक होती, माशाच्या काट्यांसारखी. काही लाटेबरोबर गेलीही.

टेकडीवर त्यांनी ती पुरली. पाद्रीबाबांनी नाव विचारलं. पुरिंग म्हणाली, माहीत नाही, बाबा. नेस्तोरने लुसिंगचं नाव सुचवलं, तर तिने मान हलवली. दुसऱ्याच्या लेकराला आपलं नाव कशाला, म्हणाली. क्रूस कोराच राहिला.

पुढच्या पावसाळ्यात जिभेचं टोक गेलं आणि गाव टेकडीवर चढलं. आता दफनभूमीच्या जागेवरून होड्या जातात. नेस्तोर मासे घेऊन परततो तेव्हा त्या जागी इंजिन बंद करतो आणि वल्ही मारत पुढे येतो. वर अंगणात पुरिंग मासे वाळत घालत असते. इंजिनाचा आवाज थांबला की तिचे हातही थांबतात. तो पुन्हा सुरू झाला की ती पुढचा मासा उलटते.