डोंगा धरणारी

मित्रांनो, तलावाच्या पाळीवर, बेशरमाच्या झुडपांना लागून जो जुना डोंगा पालथा पडलेला दिसतो, तो मी. माझ्या बुडाला हातभर लांब चीर आहे. तिच्यातून मुंग्या ये-जा करतात. मला त्याचं काही वाटत नाही. तुम्ही थांबलाच आहात, तर माझी हकिगत ऐका. ती फार मोठी नाही.

आधी मी आंब्याचं झाड होतो. भिवापूरच्या अलीकडे, मिरचीच्या एका वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा होतो. एका वादळात आडवा झालो. या गावच्या नत्थू नावाच्या मच्छीमाराच्या बापानं माझा बुंधा मागून आणला आणि वासल्यानं उन्हाळाभर कोरला. आतून खोलगट केला, दोन्ही टोकं निमुळती केली, वरून डांबर फासलं. पहिल्यांदा पाण्यात लोटलं तेव्हा मी एका अंगाला कलंडलो. म्हणून त्यानं ती जड बाजू आणखी तासली. त्यानंतर मी सरळ चालायला लागलो. पाळीवरचे लोक म्हणायचे की या तलावात असा न डोलणारा डोंगा दुसरा नाही. ते ऐकून तेव्हा मला बरं वाटायचं.

म्हातारा गेल्यावर मी नत्थूचा झालो. नत्थू ढिवराचा, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या घरचा पोर, पाण्यातच वाढलेला. त्याचं लग्न झालं आणि पार्बता या गावात आली. पहिल्या दिवशी ती माझ्या दोन्ही कडा घट्ट धरून बसली होती. महिनाभरात तिनं वल्हं हातात घेतलं. पुढं एकोणीस वर्षं हाच क्रम होता. नत्थू पुढच्या टोकावर उभा राहून फेकजाळं टाकायचा आणि पार्बता मागं बसून मला धरून ठेवायची. फेकजाळं टाकताना माणूस सगळ्या अंगानं वळतो, मित्रांनो. त्या क्षणी डोंगा जरा जरी फिरला, तरी जाळं गोल न पसरता गोळा होऊन पडतं. पार्बता वल्हं पाण्यातून न काढता मनगटानं हळूहळू फिरवत राहायची आणि मी खिळ्यानं ठोकल्यासारखा एका जागी राहायचो. काठावर आल्यावर लोक जाळ्यात पाहायचे आणि म्हणायचे, नत्थूचा हात चांगला आहे.

मासे विकायलाही पार्बताच जायची. टोपली डोक्यावर घेऊन भिवापूरच्या बाजारात.

हा तलाव सरकारचा आहे. सरकार तो पाच-पाच वर्षांसाठी मच्छीमारांच्या संस्थेला देतं. संस्थेच्या यादीत ज्यांची नावं असतात, त्यांनीच इथं डोंगा घालायचा. पावसाळ्याच्या सुरुवातीला मासे अंडी घालतात, तेव्हा दोन महिने मासेमारी बंद. बारीक डोळ्यांची, म्हणजे लहान भोकांची जाळी वर्षभर बंद. पाऊस झाला की बोटाएवढी पिल्लं आणून सोडतात, त्यांना इथले लोक बोटुकली म्हणतात. हे नियम चांगले आहेत. मी ते पाळले जाताना पाहिले आहेत आणि मोडले जातानाही.

दोन वर्षांपूर्वीच्या भादव्यातली गोष्ट. तलाव काठोकाठ भरला होता. बाजाराचा दिवस होता, म्हणून पार्बता भिवापूरला गेली होती. नत्थू एकटाच मला घेऊन निघाला. आदल्या दिवशी लावलेलं लांब जाळं तलावाच्या खोल भागात एका बुडालेल्या बाभळीला अडकलं होतं. त्यानं वरून ओढून पाहिलं. ते सुटेना. मग सदरा काढून माझ्या तळाशी ठेवला आणि तो पाण्यात उतरला.

दोनदा तो वर आला, श्वास घेऊन पुन्हा खाली गेला. तिसऱ्यांदा वर आला नाही. पाय जाळ्यात गुंतला होता, असं नंतर लोक म्हणाले. मी तिथंच होतो. मला धरायला कोणी नव्हतं, म्हणून वारा मला हळूहळू बाजूला नेत राहिला. दुपारी मी या झुडपांना येऊन लागलो. माझ्यात सदरा होता. लोकांना आधी मी सापडलो आणि दुसऱ्या दिवशी नत्थू.

पार्बता पाळीवर आली तेव्हा तिच्या डोक्यावर रिकामी टोपली होती. ती उतरवायची तिला आठवण राहिली नाही. ती रडली नाही. मीही रडलो नाही, मी लाकूड आहे.

त्यानंतर आठ महिने मी काठाला बांधलेला होतो. पावसाचं पाणी माझ्यात साचलं, हिरवं झालं, आटलं. पार्बता मिरची तोडायला जायला लागली. पाळीवरून जायची, पण माझ्याकडे पाहायची नाही. तिच्याबरोबर कधी तिची मुलगी अपेक्षा असायची. ती भिवापूरला कॉलेजात शिकत होती.

संस्थेच्या सभा माझ्याजवळच्या चिंचेखाली व्हायच्या, म्हणून पुढचं मला कळलं. तलावाची पाच वर्षं संपत आली होती. नागपूरच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयातून पत्र आलं की सभासदांची नवी यादी पाठवा. यादीत फक्त क्रियाशील मच्छीमार हवेत, म्हणजे जे स्वतः मासे धरतात तेच. अधिकारी येऊन प्रत्येकाला पाण्यावर पाहतील आणि यादी खोटी निघाली तर तलाव संस्थेला परत मिळणार नाही. बाहेरचा ठेकेदार टपूनच होता. त्याची माणसं येऊन पाळ पावलांनी मोजून गेली होती.

गणपतराव संस्थेचे अध्यक्ष होते. माणूस वाईट नव्हता. नत्थूला बाहेर काढायला जे पाण्यात उतरले, त्यात ते होते. पार्बतानं नत्थूच्या जागी आपलं नाव घाला असं सांगितलं, तेव्हा त्यांनी यादी उघडून पाहिली. मग म्हणाले, "पार्बता, तू मासोया विकतं. पकडत नाई. उद्या साहेबानं पकडलं, तर एका नावापायी साऱ्या गावाचा तलाव जाईन."

चिंचेखाली बावीस जण बसले होते. त्यातल्या बहुतेकांनी मला पार्बताच्या हातात पाहिलं होतं.

पार्बता उठून गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं नंतर दोघं-तिघं आपसात म्हणाले. पण नत्थू गेल्यापासून तिच्यात भांडण उरलंच नव्हतं. अर्ज अपेक्षानं लिहिला. आईचा अंगठा नाही, सही घेतली आणि बसनं नागपूरला जाऊन कार्यालयात देऊन आली.

मे महिन्यात अधिकारी आल्या. त्यांचं नाव अरुंधती. डोक्यावर टोपी, हातात फाईल, पायात चिखल चालेल असे बूट. तलाव अर्ध्यावर आला होता. एकेक सभासद आपापला डोंगा घेऊन जाई, जाळं टाकी आणि परत येई. मॅडम जाळ्याचे डोळे मोजून पाहत आणि यादीत खूण करत. सगळं मुकाट्यानं चाललं होतं. शेवटी त्यांनी फाईलमधून एक वेगळा कागद काढला आणि विचारलं, पार्बता कोण?

पार्बता चिंचेला टेकून उभी होती. पुढं आली.

"मासेमारी तुम्ही स्वतः करता?" मॅडमनी विचारलं.

"डोंगा मी चालवत होती," पार्बता म्हणाली. "जाळं ते फेकत होते."

गणपतरावांनी मॅडमना समजावून सांगितलं की बाई गरीब आहे, दुःखात आहे, पण नियमात बसत नाही. मॅडम त्यांचं ऐकून घेत होत्या. नियमात बाईमाणूस बसत नाही असं कुठंच लिहिलेलं नाही, एवढंच त्या म्हणाल्या. जो मासे धरतो तो सभासद. तेव्हा बाईंनी जाळं टाकून दाखवावं, म्हणजे प्रश्न मिटला.

पार्बतानं कोणाचं तरी फेकजाळं उचललं. मग ती माझ्यापाशी आली. आठ महिन्यांनी तिनं माझ्या कडेवर हात ठेवला. तो हात थंड होता की गरम, ते मला सांगता येणार नाही. तिनं मला पाण्यात लोटलं. पण जाळं टाकायचं तर डोंगा धरायला दुसरं माणूस लागतं. अपेक्षा पुढं सरकली, पण तिला वल्हं येत नव्हतं. बाकीचे जागचे हलले नाहीत. अध्यक्षांच्या विरोधात कोण जाणार?

तेव्हा गणपतराव स्वतःच धोतर वर खोचून माझ्यात चढले. आपण स्वतः डोळ्यानं पाहतो आणि काय ते सांगतो, असं ते मॅडमना म्हणाले.

गणपतराव नावाजलेले जाळं फेकणारे होते. त्यांचा डोंगा आयुष्यभर आधी त्यांच्या बायकोनं धरला आणि नंतर सुनेनं. स्वतः मागं बसायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. पार्बता पुढं उभी राहिली. तिनं जाळं खांद्यावर घेतलं, वळली, आणि त्याच क्षणी मी गर्रकन फिरलो. जाळं गोळा होऊन पाण्यात पडलं. काठावर कोणी हसलं नाही. पार्बतानं ते ओढून घेतलं. दुसऱ्यांदाही तसंच झालं. गणपतरावांना घाम फुटला होता. ते वल्हं जोरजोरात मारत होते आणि ते जितकं मारत तितका मी फिरत होतो.

पार्बता मागं वळली. "गणपतभाऊ," ती हळूच म्हणाली, "वल्हं पाण्यातून काढू नका. तसंच राहू द्या. मनगटानं फिरवा. मी वळली का तुमी उलट वळा."

गणपतराव तिनं सांगितलं तसं करायला लागले.

काठाजवळ पाणी उथळ होतं, तिथं मासा नव्हता. उन्हाळ्यात सगळा मासा खोल भागात जातो. गणपतरावांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं मानेनं हो म्हटलं. मग आम्ही त्या बाभळीकडे गेलो. पाणी उतरल्यामुळं ती अर्धी उघडी पडली होती. तिच्या काट्यांना नत्थूच्या जाळ्याच्या चिंध्या लटकत होत्या. उन्हानं वाळून पांढऱ्या झाल्या होत्या. गणपतरावांचं वल्हं थांबलं. पार्बता तिकडे पाहत राहिली. किती वेळ, ते मला माहीत नाही. तिचा चेहरा पाण्यासारखा सपाट होता.

"धरा," ती म्हणाली.

गणपतरावांनी मला धरलं. मनगटानं, हळूहळू. मी थांबलो. पार्बता सगळ्या अंगानं वळली आणि जाळं पाण्यावर गोल पसरलं. नत्थू टाकायचा तेवढं मोठं नाही, पण गोल. तिनं ते सावकाश ओढलं. आत एक कतला होता, दोन रोहू आणि काही पिल्लं. पिल्लं तिनं एकेक करून परत पाण्यात सोडली. परतताना तिनं वल्हं मागून घेतलं, आणि गणपतराव गुडघ्यांवर हात ठेवून माझ्या पुढच्या टोकावर बसून राहिले.

काठावर मॅडमनी पेन उघडलं होतं. गणपतरावांनी त्यांना थांबवलं. ते जाळ्यात काय आलं ते दाखवतील असं सगळ्यांना वाटलं. पण त्यांनी मासे पाहिलेही नाहीत.

"जाळं टाकलं म्हनून लिहू नका, मॅडम," ते म्हणाले. "हे बाई एकोणीस वर्सं डोंगा धरून होती. डोंगा धरनं बी मासे पकडनंच हाय. मले आज समजलं. तसं लिहा."

मॅडम म्हणाल्या की फॉर्ममध्ये तसा रकाना नाही. मग थोडा विचार करून त्यांनी शेरा लिहायच्या जागी ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि खाली गणपतरावांची सही घेतली. यादीत तेविसावं नाव पार्बताचं लागलं. पावसाळ्याच्या तोंडावर तलाव पुन्हा संस्थेला मिळाल्याचं पत्र आलं.

ते पत्र अपेक्षानं माझ्याजवळ बसून आईला वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर तिनं आईकडे पाहिलं आणि विचारलं, "माय, तुले आनंद नाई झाला का वं?"

पार्बता जाळ्याची गाठ सोडवत होती. "झाला असंन," ती म्हणाली.

अपेक्षाही गाठी सोडवायला लागली. त्या पावसाळ्यात तिनं वल्हं शिकून घेतलं.

त्यानंतर मी आणखी एक हिवाळा पाण्यात होतो. मग बुडाला ही चीर गेली. पार्बतानं दोनदा डांबर भरलं, तिसऱ्यांदा मला ओढून इथं पालथं घातलं. आता तिच्याकडे पत्र्याची नाव आहे. कधी आई जाळं टाकते आणि मुलगी नाव धरते, कधी उलट. गणपतरावांच्या सुनेनं अर्ज केला आहे. आणखी दोघींचे अर्ज नागपूरला गेले आहेत. त्यांचं काय झालं ते अजून कळलेलं नाही.

तर मित्रांनो, एवढीच माझी हकिगत. माझ्यावर छप्पर घाला, मला रंग द्या, असं मी तुम्हाला सांगणार नाही. लाकूड कुजतं, त्यात वाईट काही नाही. तलावात कचरा टाकू नका आणि पिल्लं धरू नका, एवढं तुम्ही शाळेतही शिकता. मला दुसरंच सांगायचं आहे. तुम्ही कधी एखाद्या तलावावर गेलात आणि पुढच्या टोकावर जाळं घेऊन उभा असलेला माणूस दिसला, तर त्याला जरूर पाहा. मग मागं कोण बसलंय तिकडे पाहा. ती काठावर आली की तिला तिचं नाव विचारा. आणि ते कुठल्या यादीत लिहिलेलं आहे का, तेही विचारा.