तळ्यावरची मोटरबोट

तळ्यावर जायचं हे डोकं तिचंच. नंतर तिने हात झटकायचा बराच प्रयत्न केला, पण नवऱ्याची स्मरणशक्ती नको तिथे शाबूत असते.

झालं होतं असं, की तिचा ढब्बू, वय पाऊण वर्ष, केस वाळवायच्या ड्रायरचा आवाज असल्याशिवाय झोपत नसे. ही सवय लावली कोणी? तिनेच. एकदा न्हाऊन आल्यावर तिने ड्रायर लावला आणि रडून रडून लालबुंद झालेलं पोर एकदम गपगार झालं. आपण केवढा मोठा शोध लावला असं तिला वाटलं. मैत्रिणींना फोन करकरून सांगितलं. आता ड्रायर सदासर्वकाळ ढब्बूच्या उशाशी, आणि तिचे स्वतःचे केस म्हणजे सुगरणीने अर्धवट सोडलेलं घरटं.

सोमवारी तिला कामावर रुजू व्हायचं होतं. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची ती. मालकीणबाईंनी जागा धरून ठेवली होती, पण "या सोमवारी नक्की ना?" हे त्या आता जरा जास्तच गोड आवाजात विचारायला लागल्या होत्या. पाळणाघरही ठरलं होतं. तिथल्या मावशींनी मात्र ड्रायर पाहिला आणि हात जोडले.

"हे यंत्र पाळण्यापाशी नको गं बाई. आणि याच्या कानाशी हे धरून बसले, तर बाकीच्या पोरांकडे बघू कधी? त्याला आधी शांततेत झोपायला शिकव, मग खुशाल आण."

शांततेत! तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शांतता शिकवायची तर शांतता आहे तिथेच जायला हवं. डोंगरावरचं तळं, काठावर चार खोल्यांचं अतिथिगृह, शनिवार-रविवार. शिवाय आपल्यालाही जरा पाठ टेकता येईल, हा मतलबही होताच.

"ड्रायर घरी ठेवलास ना?" गाडी सुरू करताना नवऱ्याने विचारलं.

"म्हणजे काय! त्यासाठीच तर चाललोय."

ड्रायर लंगोटांच्या पिशवीत, तळाशी, टॉवेलात गुंडाळून ठेवलेला होता. लावायचा नव्हताच. नुसता जिवाला आधार.

तळं मात्र सांगितलं होतं तसंच निघालं. पाणी इतकं स्थिर, की समोरचा डोंगर त्यात उलटा होऊन निवांत पडला होता. वारा नाही, हॉर्न नाही, कुणाचा टीव्ही नाही. तिने डोळे मिटून छातीभर श्वास घेतला. तो सोडायच्या आत ढब्बूने तोंड उघडलं.

त्याचं रडणं पाण्यावरून पलीकडच्या डोंगरावर गेलं आणि परत आलं. ढब्बू दचकून थांबला. तिकडे दुसरं कुणीतरी बाळ रडतंय, आणि आपल्यापेक्षा बरं रडतंय, हे त्याच्या मनाला लागलं असावं. त्याने सूर चढवला. डोंगरानेही चढवला. शेजारच्या खोलीत एक निवृत्त मुख्याध्यापक उतरले होते. त्यांची खिडकी धाडकन बंद झाली.

दुपारची जेवणं झाली तरी जुगलबंदी चालूच. शेवटी नवरा पाय मोकळे करायला बाहेर पडला, आणि तिने पिशवीत हात घातला. पाचच मिनिटं, तिने स्वतःला सांगितलं. बटण दाबलं. घुंऽऽ झालं, ढब्बूच्या पापण्या मिटायला लागल्या, आणि फट्‌दिशी सगळं बंद पडलं. ड्रायर, पंखा, स्वयंपाकघरातला मिक्सर, पाण्याचा पंप, सगळं.

"कुणी काय लावलं गं?" अतिथिगृहाच्या काकू दारात हजर. त्यांच्यामागे मुख्याध्यापक, कमरेला पंचा आणि डोक्यावर साबणाचा फेस.

तिने ड्रायर पाठीमागे लपवला. त्याची वायर पुढे लोंबत होती.

"केस... केस वाळवत होते."

काकूंनी तिच्या कोरड्या ठणठणीत झिपऱ्यांकडे पाहिलं. मग फ्यूज बघायला गेल्या. पाठोपाठ आलेल्या नवऱ्याने वायर पाहिली.

"घरी ठेवला होता म्हणे."

"आता उगाच टोचू नकोस. मला जमणार नाहीये, बस्स. सोमवारी मालकीणबाईंना सांगते, बघा दुसरी कुणी."

हे ती तोऱ्यात म्हणणार होती. पण बोलता बोलता ती खाली बसून लंगोटांच्या घड्या घालायला लागली. त्या घातलेल्याच होत्या.

नवऱ्याने ढब्बूला उचललं. "चल, बोटीत बसू. निदान तो म्हातारा तरी सुखाने आंघोळ करेल."

लाइफ जॅकेटं चढवून ते निघाले. नवऱ्याने जन्मात वल्हं धरलं नव्हतं, त्यामुळे बोट काठाजवळच गोल गोल फिरत राहिली. ढब्बू तिच्या कुशीत मुसमुसत होता. त्याचा भिजलेला गाल तिच्या मानेला लागला, आणि तिच्या नकळत तिच्या तोंडून निघालं, "घुंऽऽ."

ढब्बू थांबला.

"घुंऽऽऽ," तिने नेटाने सुरू ठेवलं. जगातल्या सगळ्यात शांत तळ्यावर, एवढे पैसे मोजून, ती ड्रायर होऊन बसली. नवरा हसू दाबायला खाली वाकला तर एक वल्हं पाण्यात पडलं. तिने डोळे वटारले, पण तोंड चालू ठेवलं. ऊन सौम्य होतं, बोट डुलत होती, कुशीत उबदार ओझं होतं...

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. ढब्बू गाढ झोपेत.

"अरे देवा! मी कधी थांबले? आणि हा झोपलेलाच?"

"तू थांबलीस कुठे?" नवरा म्हणाला. "घोरत होतीस. ड्रायर काय आवाज करेल!"

"काहीतरीच! मी घोरत नाही."

त्याने मोबाइल पुढे केला. त्यातून जे काही ऐकू आलं ते ऐकून ती कानापर्यंत लाल झाली.

"आत्ताच्या आत्ता पुसून टाक!"

"पुसतो. मग सोमवारी ड्रायर घेऊन जा."

 रात्री ढब्बू कुरकुरला तेव्हा मोबाइल त्याच्यापासून हातभर लांब ठेवून तिनेच तो आवाज लावला. पोर उशीत तोंड खुपसून झोपून गेलं. तिकडे ओसरीवर मुख्याध्यापक काकूंना म्हणत होते, "इथे मोटरबोटीला बंदी आहे ना? दुपारभर कुणीतरी चालवत होतं!"

सोमवारी दुकानात पहिल्याच गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची चौकट चढवते न चढवते तोच पाळणाघरातून फोन आला. तिने चौकट तशीच सोडून फोन घेतला.

"तू पाठवलेलं रेकॉर्डिंग लावलं, आणि झोपला गं तुझा ढब्बू," मावशी हळू आवाजात म्हणाल्या. "बाकीचीही झोपली सगळी. मीच तेवढी कशीबशी जागी आहे. काय गं, आवाज त्याच्या बाबांचा का?"

तिने गिऱ्हाइकाकडे पाठ केली.

"हो ना," ती म्हणाली. "फार घोरतात हो."

फोन ठेवला, नाक ओढलं आणि गिऱ्हाइकाकडे वळली. "हं, सांगा काका. आता स्पष्ट दिसतंय की मघाशी?"

"अहो बाई," काका म्हणाले, "तुम्ही अजून भिंग घातलंच नाही यात. डोळे पुसा आधी."