तण जळलं, लसूणघास उरला

गोठ्यामागच्या पडीक आवारात सकाळपासून मुंगी शिरायला जागा नव्हती. पंधरवड्यापूर्वी गावात मुक्कामाला आलेल्या एका बाबांनी तिथे सर्वांदेखत तणनाशक मारून घेतलं होतं. आता सारं तण पिवळं पडून आडवं झालं होतं. जिथून बाबा अनवाणी चालले होते, तिथला लसूणघास मात्र हिरवागार उभा होता. गुरांचा साधा चारा तो, पण लोक त्याला हात जोडत होते.

"विषानं माझं पाऊल ओळखलं!" बाबा गरजले. "माझं मंतरलेलं पाणी जो पिईल, त्याच्या वाटेला विष जाणार नाही. फक्त शंका नको. शंका आली, की या पाण्याचं नुसतं पाणी होतं!"

ते पाणी नुसतं पाणीच होतं हे बाबा स्वतःच्या तोंडाने सांगून गेले, आणि त्यावर लोकांनी टाळ्या पिटल्या.

सर्वांत जोरात टाळ्या फवारणीवाल्याच्या होत्या. दुसऱ्या कुणी ही गोष्ट सांगितली असती, तर त्याने हसून सोडून दिली असती. पण त्या दिवशी पंप त्याच्याच पाठीवर होता. औषध बाबांनी दिलं होतं. डब्यावरचा कागद खरवडलेला होता, ते मात्र त्याने मनावर घेतलं नाही.

त्याच्या बायकोला पहिल्यापासून हे पटलं नव्हतं. फवारताना नळीचं तोंड तुंबलं की तो ते ओठांना लावून फुंकायचा. तिने भांडभांडून ती सवय मोडली होती आणि नळी साफ करायला पंपाच्या पट्ट्याला एक जुना टूथब्रश दोरीने बांधून दिला होता. बाबांचं पाणी प्यायल्यावर त्याने ती दोरी कापली. हातमोजे आणि तोंडाची पट्टीही कोनाड्यात गेली.

"अहो, पाण्यानं विष अडतं का कधी?" ती म्हणाली.

"तुझ्या अशा बोलण्यानंच गुण जातो," तो म्हणाला. तो चिडला, म्हणून ती गप्प बसली.

मग एके दिवशी फळबागेत किड्यांचं औषध मारताना नळी तुंबली आणि त्याने ती फुंकली. दुपारी त्याच्या तोंडातून लाळ गळू लागली, अंग घामाने निथळलं, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या. सोबत्यांनी त्याला आधी बाबांकडे नेलं आणि मग दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणायला हवं होतं." त्याच संध्याकाळी तो गेला.

भेटायला आलेल्या बाबांनी भरल्या घरात सुस्कारा सोडला. "त्याची श्रद्धा पक्की होती हो. घरातल्याच कुणाची तरी शंका आडवी आली."

सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. तिने मान खाली घातली, ती वर केलीच नाही. जेवण सुटलं, झोप उडाली. शेवटी तिने ठरवलं, बाबांच्या पुढच्या मेळाव्यात आपणच पंप उचलायचा आणि उघड्या हातांनी फवारायचं. वाचलो तर शंका फिटली, नाहीतर पाप फिटलं.

हे ऐकून तिची नणंद हादरली. ती शेतकी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. भावासाठी रडून तिचे डोळे सुजले होते, पण डोकं ठिकाणावर होतं.

"वहिनी, मला एक सांग. ते तण करपलं होतं, की पिळवटलं होतं?"

"पिळवटलं होतं. देठ दोरीसारखे वळले होते."

दुसऱ्या दिवशी नणंदेने दुकानातून तसंच तण पिळवटणाऱ्या औषधाची एक बाटली आणली, वहिनीच्या हातांत मोजे चढवले, तोंडाला पट्टी बांधली आणि तिला आवाराच्या अशा कोपऱ्यात नेलं जिथे बाबा फिरकलेही नव्हते. "तूच मार. बाबांचं पाणी नाही, पाऊल नाही."

काही दिवसांनी दोघी तिथे गेल्या. तण पिळवटून आडवं झालं होतं. लसूणघास उभा होता.

मेळाव्याच्या दिवशी नणंदेने लोकांना आधी तो कोपरा दाखवला. "या औषधात तणाला मारणारं विष तयार नसतं. तण ते शोषून घेतं आणि आपल्याच अंगात त्याचं विष करून मरतं. लसूणघासाला ते नीट जमत नाही, म्हणून तो तगतो. हे त्याचं उपजत आहे, कुणाच्या पावलाचं नाही. आता बाबांनी पुन्हा घासावरून चालावं. मी दुसरं तणनाशक मारते."

बाबांना एकाएकी मौनव्रत आठवलं. लोकांनी आग्रह केला तेव्हा ते चालले, पण नेसूचं आवरून लगबगीने. घास पिवळा पडला, तोवर बाबांनी गाशा गुंडाळला होता. मागून कळलं, पूर्वी ते कुठल्याशा गावी शेतीऔषधांच्या दुकानात मदतनीस होते.

मेलेल्या घासापाशी उभं राहून तिने नणंदेला विचारलं, "म्हणजे माझ्या शंकेनं ते गेले नाहीत?"

"तुझी शंका दादानं ऐकली असती, तर तो आज असता गं."

ती तिथेच खाली बसली. माथ्यावरचा कलंक पुसला गेला होता, पण त्याने दुःख हलकं झालं नाही. उलट ते आता कुठे खरं झालं. इतके दिवस ती स्वतःला बोल लावत होती. नवऱ्यासाठी ती पोटभर रडली ती आज.

घास बघायला जमलेले लोक चुळबुळत होते. तिने डोळे पुसले आणि कधी चारचौघांत न बोललेली ती बाई बोलली. "घरात कुणी 'हे कसं?' असं विचारलं, तर त्याच्यावर डाफरू नका. आणि विचारावंसं वाटलं, तर गिळू नका. मी गिळलं."

एकेकजण निघून गेला. पोट तर भरायलाच हवं होतं, म्हणून दुसऱ्या सकाळी तिने नवऱ्याचा पंप खुंटीवरून उतरवला, कोनाड्यातले हातमोजे झटकले, आणि तो जुना टूथब्रश पुन्हा पट्ट्याला बांधला. या खेपेला दोरीला तिने दोन गाठी मारल्या.