घरच्याचं माप

मेहबूब मिस्तरीच्या मापाला शहाद्यात कोणी कधी नाव ठेवलं नाही. मोटारी दुरुस्त करणं हा त्याचा धंदा, आणि जोडीला घासलेट-पेट्रोलची सुटी विक्री. पितळी पावशेरी मापाची दांडी धरून तो गिऱ्हाइकाची बाटली भरायचा, तेव्हा माप काठावरून उतू जायचं आणि उतू गेलेलंही तो नरसाळ्यातून त्याच बाटलीत सोडायचा. म्हाताऱ्या बाया म्हणायच्या, मिस्तरीकडचं घासलेट जरा जास्तच जळतं.

पण घरच्यांचं काही तसं नव्हतं, बरं का. हे फक्त त्याच्या बायकोला, अमिनाला, आणि पोराला ठाऊक. घरची चिमणी भरायची झाली की याचा हात आपोआप आखडायचा. दांडी सुटायची, माप मुठीत यायचं आणि अंगठा आत जाऊन तेलात बुडायचा. बापाच्या दुकानात लहानपणी लागलेली खोड. घरच्यानं कमी घ्यावं, परक्याला जास्त द्यावं, म्हणजे धंद्याला बरकत येते, असं तो म्हातारा म्हणायचा. मेहबूबला आपला अंगठा आत जातो याचा पत्ताही नसायचा. अमिनानं कधी सांगितलं नाही. चांगल्या माणसाची खोड काढून काय मिळवायचं? आणि खरं सांगायचं तर तिचा हातही तसलाच होता. पाहुण्याच्या पोराच्या ताटात बोटी पडायची आणि शौकतच्या ताटात रस्सा.

शौकत हा तिचा एकुलता एक. वरची दोन देवीच्या साथीत गेली, हा तेवढा राहिला. चिमणी वेळेआधीच विझली की तो आईपुढे अंगठा नाचवायचा, आणि मायलेक तोंडावर हात धरून हसायचे. बाप विचारायचा, काय झालं? काही नाही, म्हणायचे.

शहाद्याहून प्रकाशा गावाच्या तापीकाठापर्यंत तेव्हा दोन सर्विस मोटारी धावायच्या. एक मेहबूबची, जुनाट, सतरा ठिकाणी ठिगळं लावलेली. ती शौकत चालवायचा. दुसरी लोणखेड्याच्या चुडामण पाटलाची, कोरी करकरीत, तिच्यावर त्याचा मुलगा हिलाल. पोरं एकमेकांची दोस्त. एकाची मोटार बंद पडली तर दुसरा दोरी लावून ओढून आणायचा. सगळं सुखानं चाललं होतं, पण सुख कोणाला बघवतं? लढाई पेटली, पेट्रोल कूपनावर गेलं, आणि कचेरीतून निरोप आला की या रस्त्यावर एकाच मोटारीला कूपनं मिळतील. कोणती ते तुमचं तुम्ही ठरवा.

शौकतनं आईला सांगून टाकलं, "अम्मी, मोटार उभी ऱ्हायनी त मी भरतीमा जासू. ड्रायव्हरले मांगी ऱ्हायनात तठे."

अमिनाच्या हातातलं पीठ हातातच राहिलं. लामावर, म्हणजे आघाडीवर, गेलेली माणसं तिनं मागच्या लढाईत पाहिली होती. तिच्या सख्ख्या मामाची नुसती पेटी परत आली होती. तेव्हापासून तिला रात्रंदिवस एकच घोर. मोटार चालली पाहिजे, पोरगा घरात राहिला पाहिजे. बाकी दुनियेचं काहीही होवो.

शर्यत लावायचं ठरलं: लोणखेड्याच्या वडापासून प्रकाशापर्यंत जाऊन परत, जो आधी पोचेल त्याला कूपनं. आणि चुडामण पाटील माणूस सरळ, भर चावडीत उठून म्हणाला, "मन्ही मोटार नवी, मेहबूबभाऊनी जुनी. अशी शर्यत जितीसन मी लोकस्ले तोंड कसं दखाडू? गाड्यास्नी शर्यत ऱ्हास तव्हय जोरदार बैलस्ना गाडामा आपण दगड टाकतस. मोटारमा बी टाका."

मोटारीत दगड कसा टाकायचा? मेहबूबनं तोड काढली. दगड नको, म्हणाला, घसाच आवळू. नव्या मोटारीच्या कारबुरेटरखाली भोकाची एक पितळी चकती बसवायची, म्हणजे इंजिनाला श्वास कमी आणि जोरही कमी. शिवाय दोघांना पेट्रोल सारखंच, आणि तेही जाऊन येण्यापुरतंच. उगाच पाय दाबेल तो वाटेत बसेल. चकती कोण करणार? मेहबूब. पेट्रोल कोण मोजणार? तेही मेहबूबच. स्वतःच्याच पोराची शर्यत आणि बाप पंच! दुसऱ्या गावात डोकी फुटली असती. इथं पाटील एवढंच म्हणाला, "तुन्हा मापवर मन्हा इस्वास शे, भाऊ."

त्या एका वाक्यानं मेहबूबची झोप उडाली. कानस घेऊन तो चकतीचं भोक घासत बसला. दोन्ही मोटारी गोमाई नदीच्या चढावर सोडायचा, हिलालची मागं पडली तर भोक किंचित वाढवायचा, पुढं गेली तर नवी चकती कापायचा. शेवटी दोन्ही मोटारी जोडीच्या बैलांसारख्या खांद्याला खांदा लावून चढल्या, तेव्हा कुठं त्याच्या घशाखाली घास उतरला. अमिना म्हणाली, "अजी, थोडं आपला पोऱ्याकडे बी देखा." तो असा कडाडला की शेजारची रंजनाबाई भिंतीवरून डोकावली.

शर्यतीच्या सकाळी लोणखेड्याच्या वडाखाली ही गर्दी. अमिना बुरखा सावरत बायकांच्या घोळक्यात उभी राहिली. शेजारी पाटलीण, कमलबाई. दोघींचे पोरगे समोर, दोघींच्या जिवाला घोर, म्हणून दोघी एकमेकींचा हात धरून होत्या.

मेहबूबनं आधी हिलालच्या टाकीत पेट्रोल घातलं. दांडी धरली होती, प्रत्येक माप काठावरून उतू गेलं, उतू गेलेलं नरसाळ्यात गेलं. लोक वाहवा म्हणाले. मग तो शौकतच्या मोटारीकडे वळला, आणि अमिनाची नजर त्याच्या हातावर गेली.

दांडी सुटली होती. माप मुठीत होतं. अंगठा आत होता.

पहिल्या मापाला तिला वाटलं, आपल्याला भास झाला. दुसऱ्याला अंगठा तसाच. तिसऱ्यालाही तसाच. आणि लोकांना काय दिसणार? त्यांना मिस्तरी मापं ओतताना दिसत होता, आणि मिस्तरीचं माप म्हणजे मिस्तरीचं माप. अमिना कमलबाईचा हात सोडून गर्दीतून घुसली आणि मोटारीच्या दाराशी पोचली. ओरडणारच होती ती. पण शौकतनं तिच्याआधी पाहिलं होतं. त्यानं आईकडे बघितलं, स्टिअरिंगच्या चाकाआड हात धरून अंगठा नाचवला आणि हसला.

"चूप ऱ्हाय, अम्मी," तो हळूच म्हणाला. "बजारमा अब्बाना मापले खोटं म्हनू का? मरी जाई तो."

"आन् तू?"

"मी संभाळी लिसू. अब्बाले सांगशी त मन्ही कसम शे तुले."

काय करेल बाई? एकीकडे नवऱ्याची जन्माची अब्रू, दुसरीकडे पोराची शपथ. ती मागं सरली. आयुष्यभर हाच मागं सरायचा धडा गिरवलेला, ऐन वेळी दुसरं काही सुचलंच नाही.

मोटारी सुटल्या. धूळ खाली बसली आणि बायका वाटेकडे डोळे लावून बसल्या. ऊन चढल्यावर पोरं ओरडली, आली, आली! पुढं शौकत होता. शेतभर पुढं! कमलबाईनं मान खाली घातली. अमिनाला मात्र आनंद करायचा धीर होईना. ती मोटारीच्या आवाजाकडे कान देऊन होती. उतारावर इंजिन बंद करकरून त्यानं पेट्रोल वाचवत आणलं होतं, पण जे टाकीत पडलंच नाही ते वाचवणार कुठून? वड समोर दिसत असताना इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि गप्प झालं. मोटार थोडी घरंगळली आणि बाभळीपाशी उभी राहिली. शौकत आत बसून नुसता स्टार्टरचं बटण दाबत होता. हिलालची मोटार बाजूनं निघून गेली.

वड गाठल्यावर हिलाल उडी मारून उलटा पळत आला आणि दोस्ताच्या गळ्यात पडला. पाटलानं फेटा काढून हातात घेतला. मेहबूब धावत पोचला. टाकी ठणठणीत कोरडी. "काय झालं रे? गळती लागनी का?"

शौकत म्हणाला, "नही अब्बा. मन्हाच पाय जड पडना."

महिन्याच्या आत तो भरती झाला. नंदुरबारच्या स्टेशनावर आईनं पहिल्यांदा त्याच्यासाठी डबा काठोकाठ भरला होता. तो म्हणाला, एवढं कशाला, पाहुणा आहे का मी? अमिनानं डब्याचं झाकण दाबून बसवलं.

उभी राहिलेली मोटार मेहबूब रोज खोलून बसायचा. पोरानं पाय जड म्हटलं तरी बापाचं मन मानेना. नळ्या फुंकायचा, टाकीत पाणी भरून बोटानं चाचपायचा. कुठं गळतंय, अमिना? कुठंच गळत नाही गं! अमिना ऐकायची आणि चुलीत फुंकर घालायची. शपथ होती.

पावसाळा सरता सरता तार आली. ब्रह्मदेशात माघारीच्या वाटेवर शौकतची लॉरी दरीत गेली होती.

चुडामण पाटील भेटायला आला. बाहेरच्या खाटेवर बसून रडला, मोठा माणूस, लहान पोरासारखा. म्हणाला, "वाघ व्हता पोऱ्या. मशीननी दगा दिधा त्याले."

मेहबूबनं मान हलवली. मग म्हणाला, "मशीननी नही, भाऊ. सगळं खोली देखं मी, काहीच दोष नही. पाय जड त्याना, सोताच बोलना तो. उतावळा व्हता. उतावळा नसता त आज घरमा ऱ्हाता."

पडद्यामागं अमिना उभी होती. इतके महिने तिनं दात आवळून काढले होते. पण मेलेल्या लेकरावर हा ठपका? तोही कोणाकडून? तिच्या अंगाचा भडका उडाला. आणि शपथ कसली आता? ज्याच्या जिवाची घातली, तो जीवच राहिला नव्हता.

पाटील गेला. दिवेलागण झाली होती. अमिनानं रिकामी चिमणी आणि पितळी माप आणून नवऱ्यापुढं ठेवलं.

"घासलेट भरा. घरनी चिमणी शे."

मेहबूबनं मान वर न करता डबा कलता केला, माप मुठीत धरलं आणि भरलं. चिमणीत ओतणार तोच तिनं त्याचं मनगट पकडलं.

"अंगठा देखा."

त्यानं पाहिलं. पेरापर्यंत बुडालेला होता. आधी त्याला काही कळलंच नाही. मग कळलं, आणि त्यानं अंगठा असा झटक्यानं बाहेर ओढला की घासलेट त्याच्या गुडघ्यांवर सांडलं.

त्यानं विचारलं, "त्यानी देखं व्हतं?"

"देखं व्हतं," अमिना म्हणाली. "हसना तो."